क्षमेचा महिना

आमच्या स्वयंपाकघरात, फ्रिजच्या बाजूला, बाबांच्या गुणांचा तक्ता लावलेला आहे. बारा महिने, बारा गुण. निवृत्त झाल्यावर बाबांनी जीवनविकासाचा वर्ग लावला, तिथे तो मिळाला. महिन्याचा गुण दिवसभर पाळायचा आणि संध्याकाळच्या चहानंतर खूण करायची. संयमाच्या महिन्यात त्यांनी साखर सोडली, तेव्हा आईला रोज दोन वेगळे चहा करावे लागले. आम्ही हसलो. उतारवयात माणसाला काहीतरी नाद हवाच, असं मी आईला म्हणालेसुद्धा.

बाबा आणि मी एकाच कारखान्यात होतो, खोक्यांचे पुठ्ठे कापायच्या मशीनवर. दोघांची मशीनं शेजारी. पात्याखाली हात जाऊ नये म्हणून पुढे लोखंडी जाळी असते. जाळीमुळे काम रेंगाळतं म्हणून मालकांनी स्वतः पाना घेऊन माझ्या मशीनची जाळी उतरवली. बाबा तीन हातांवर उभे होते. चौथ्या दिवशी माझ्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. मालक म्हणाले, जाळी हिनेच काढली. पुढच्याच महिन्यात बाबा निवृत्त झाले.

मी कामगार कार्यालयात तक्रार केली. जाळी परत बसावी आणि दोष माझा नव्हता हे कागदावर यावं, एवढंच मला हवं होतं. बघणारे एकटे बाबाच. सुनावणी अठ्ठावीस तारखेला लागली आणि तो महिना नेमका क्षमेचा निघाला.

सुनावणीत कार्यालयातल्या साहेबांनी विचारलं, "जाळी कोणी काढली, तुम्ही पाहिलंत?"

"माझं लक्ष नव्हतं," बाबा म्हणाले.

तक्रार तिथेच बारगळली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिन्यात त्यांना गाठलं तर म्हणतात, "मनात अढी ठेवू नये, बाळ. मी त्यांना मनापासून माफ केलं."

बोटं माझी आणि माफी यांची. वर्गात त्यांनी ही हकिगत सांगितली, तेव्हा लोकांनी म्हणे उभं राहून टाळ्या वाजवल्या. नोकरी जाईल म्हणून घाबरलो म्हणाले असते तर मी मुकाट गिळलं असतं. पण नोकरी तर केव्हाच संपली होती. या माणसाला फक्त चांगलं व्हायचं होतं.

माझ्या मशीनवर आता नवीन मुलगी आहे. जाळी अजून तशीच कोपऱ्यात पडलेली आहे.

एक तारखेला तक्त्यावर सत्य सुरू झालं. चहा झाल्यावर मी विचारलं, "बाबा, जाळी कोणी काढली?"

त्यांनी कप बशीत ठेवला. "मालकांनी," म्हणाले. "मी पाहिलं होतं."

ओट्याशी आईचा हात थांबला.

"मग उद्या माझ्याबरोबर चला आणि साहेबांना हेच सांगा."

"ते आता कसं जमेल? एकदा माफ केलेलं परत उकरून काढू?" आवाजात राग नव्हता. राग आवरायचा महिना त्यांनी केव्हाच पार पाडला होता. "पण तुला सांगून टाकलं, फार हलकं वाटलं बघ. ते पेन दे जरा."

पेन माझ्या पुढ्यात होतं. मी उजवा हात पुढे केला आणि ते बोटांतून निसटून खाली पडलं. बाबांनी वाकून उचललं, सदऱ्याला पुसलं आणि सत्याच्या रांगेत पहिली खूण केली.