डबा सानगडीचा, भोंगा कोंढ्याचा
जुनी वस्तू दिसली की दामिनीच्या अंगात येतं, असं तिचा नवरा कैलाश म्हणतो, आणि तो काही खोटं बोलत नाही. कंदील, अडकित्ते, पितळी डबे, बंद पडलेली घड्याळं... भंडारा जिल्ह्यातलं असं एक गाव दाखवा, जिथल्या माळ्यावर ही बाई चढली नाही! चढायचं, धूळ खायची, चार शिंका द्यायच्या आणि वरूनच किंचाळायचं, "अगं माय! हे तर सोनं आहे!" झालं, खाली घरमालकानं भाव वाढवलाच म्हणून समजा. तिला हे हजारदा सांगून झालं. पण आनंद पोटात ठेवणं तिला जमतच नाही, त्याला कोण काय करणार? वस्तू घरी आणायची, लेकरासारखी पुसायची, मोबाइलवर फोटो टाकायचा आणि कुणी गिऱ्हाईक ती घेऊन गेलं की दोन दिवस तोंड पाडून बसायचं, असा तिचा धंदा.

त्या दिवाळीनंतर तिला सानगडीत फोनो सापडला. चावी देऊन वाजवायचा, तबकड्यांचा, जुना फोनो! कुंताबाई कापगते म्हणून एक म्हातारी, नवरा वारलेला, घरात एकटी. तिच्याकडे लाकडी डबा होता. चावी शाबूत, चकती गरगर फिरत होती. फक्त वर भोंगा नव्हता आणि वाजवायला एकही तबकडी नव्हती.

"भोंगा कुठं गेला, आजी?" दामिनीनं विचारलं.

"कोंढ्याले हाय. माह्या देराकडं," कुंताबाई म्हणाली. "मी नवी नवरी होऊन आली अन् त्याच हप्त्यात दोघा भावांची वाटणी झाली. वावर वाटलं, बैल वाटले, अन् मंग या बाज्यावर अडले. माह्या घरधन्यानं डबा ओढला, डोमानं भोंगा अन् तबकड्या ओढल्या. डोमा रागारागात कोंढ्याले मामाकडं गेला तो गेलाच. भाऊ मेला तवा घाटावर आला अन् घाटावरूनच वापस गेला. या घराची पायरी नाही चढला."

"मग तुम्ही हा कधी ऐकलाच नाही?"

"कसा ऐकन वो? घरधनी सांगत जाय, असा आवाज निघे म्हने का आयकणारा जेवण विसरून जाय. मले काय, सांगितलं तेवढंच माहीत."

दामिनीनं डबा घेतला आणि घरी येऊन नागपूरच्या भूपेंद्रजींना फोन लावला. हे मोठे शौकीन गिऱ्हाईक. ते म्हणाले, "भोंग्यासकट असेल तर आजच घेतो, नुसत्या डब्याला मी हात लावत नाही. या रविवारपर्यंत सांगा, नाहीतर मी दुसरीकडे बोलतो." हा एक सौदा जमला असता तर भंडाऱ्याच्या बाजारातली एक खोली दामिनीला भाड्यानं घेता आली असती. स्वतःचं दुकान! वर पाटी, आत सगळी जुनी दौलत! ती खोली ती जाता-येता किती वर्षं पाहत होती. तिला रात्रभर झोप लागली नाही.

सकाळी तिनं डबा चादरीत गुंडाळला, स्कूटीवर पायाशी ठेवला, भोंगा बसतो की नाही ते पाहायला नको का, आणि थेट कोंढा गाठलं.

डोमा आबाजी अंगणात धानाच्या पोत्यांवर बसले होते. काटकुळा माणूस, पण आवाज असा की पलीकडच्या आळीतली गाय मान वळवेल. दामिनीनं भोंग्याचं नाव काढलं मात्र, ते आत गेले आणि धोतरात बांधलेलं एक गाठोडं घेऊन आले. गाठ सुटली आणि दामिनीला तोंड मिटता येईना. पितळेचा, पाकळ्या-पाकळ्यांचा, लखलखीत भोंगा! कुठे पोचा नाही, कुठे डाग नाही.

"अगं माय! आबाजी, केवढा सुंदर हो! द्याल ना? सांगा, काय देऊ?" भाव करायचा असतो हे ती साफ विसरली.

"देतो ना. माह्या काय कामाचा?" आबाजी म्हणाले. "पण एक शपथ घे. माह्या भावाच्या, महागूदादाच्या डब्यावर हा चढला नाही पाह्यजे. दुनियेतल्या कोण्याही डब्यावर चढव, पण त्या नाही. तोंडावर म्हणाला होता तो मले, तुह्या भोंग्याबिगर माह्या डब्याचं काही अडत नाही म्हणून."

दामिनीला एक 'हो' म्हणायचं होतं, बस्स! आबाजी नागपूरला जाऊन थोडेच पाहणार होते? तिनं तोंड उघडलं. समोर म्हातारा भोंग्यावर हात फिरवत बसला होता, आणि तो 'हो' काही केल्या तिच्या तोंडातून निघेना.

"आबाजी," ती म्हणाली, "तो डबा माझ्या गाडीवरच आहे."

गेलं, तिला वाटलं. दुकान गेलं, पाटी गेली, सगळं गेलं!

आबाजींनी स्कूटीकडे पाहिलं. "वैनीनं विकला?"

"हो."

"हाय कशी वैनी?"

"बऱ्या आहेत. एकट्याच असतात."

"अन् दादा... दादा वाजवत जाय का तो?"

"कशानं वाजवणार, आबाजी? दर दसऱ्याला चावी द्यायचे आणि रिकामी चकती फिरताना पाहत बसायचे. आजींनीच सांगितलं."

आबाजींनी हातातल्या भोंग्याकडे पाहिलं. "अन् मी इथं दर दसऱ्याले हा भोंगा चिंचेनं घासून राहिलो," ते म्हणाले. "काय येडे होतो गा आम्ही दोघं! आण तो डबा इकडं."

दामिनी धावतच गेली. भोंगा डब्यावर नेमका बसला. तिनं टाळीच वाजवली! आबाजींनी आतून पत्र्याची पेटी ओढून आणली. तबकड्या सगळ्या फुटलेल्या, तडकलेल्या. तळाशी एकच निघाली, धड.

"लावू?" दामिनीचा हात शिवशिवत होता.

"इथं नाही. वैनीनं कधी आयकला नाही. सानगडीले चाल. तिनं आयकला का, भोंगा तुहा. डोम्याची जबान हाय."

मग काय विचारता! पायाशी डबा, मागे आबाजी, त्यांच्या मांडीवर भोंगा आणि सदऱ्याच्या आत छातीशी तबकडी. रस्ताभर लोकांनी धान वाळू घातलं होतं आणि त्यात शेळ्या शिरलेल्या. आबाजींनी भोंगा तोंडाला लावून "हट् हट्" असा आवाज टाकला की शेळ्या तर पळाल्याच, धान राखणाऱ्या बायाही दचकून उठल्या. दामिनी इतकी हसली की गाडी थांबवावी लागली. आबाजीही हसले, पण सानगडीचा किल्ला दिसला तसे छातीशी धरलेली तबकडी चाचपू लागले.

कुंताबाई अंगणात तांदूळ पाखडत होती. दिराला पाहून तिनं पदर सावरला आणि सूप खाली ठेवलं. दामिनीलाच घाई! तिनं ओट्यावर डबा मांडला, भोंगा चढवला, चावी दिली आणि सुई टेकवली.

आधी नुसती खरखर. मग खरखरीतून एका बाईचा बारीक आवाज वर आला. गाणं कसलं, शब्द कोणते, काही कळेना. पण दामिनीच्या अंगावर काटा आला. इतक्या वर्षांनी डबा बोलत होता! तिला ओरडावंसं वाटलं, आणि पहिल्यांदाच ती ओरडली नाही. गाणं लवकरच संपलं.

कुंताबाई भोंग्याकडे पाहतच राहिली. "एवढंच?" तिनं विचारलं.

"एवढंच होतं, वैनी," आबाजी म्हणाले.

"याच्यासाठी तुम्ही दोघं..." तिनं कपाळावर हात मारून घेतला. आबाजींना रडू कोसळलं, लहान पोरासारखं, नाकाडोळ्यांतून. ती त्यांच्याकडे पाहत राहिली आणि मग पदरानं डोळे पुसत दामिनीला म्हणाली, "अजून एक खेप लाव व पोरी."

दुसऱ्यांदा लावलं, तिसऱ्यांदा लावलं. कुंपणावर शेजारणी जमल्या. मग आबाजींनी स्वतःच भोंगा उतरवला, धोतरात बांधला आणि दामिनीच्या हातात दिला. "घे. जबान म्हणजे जबान."

दामिनीनं तिथेच एक उडी मारली! फोन काढून ओरडली, "भूपेंद्रजी, पूर्ण झाला हो! भोंग्यासकट!" तिकडून ते काय म्हणाले ते तिला धड ऐकूही आलं नाही. तिनं डबा चादरीत बांधला, गाडीवर ठेवला, वर भोंगा अडकवला.

"चला आबाजी, कोंढ्याला सोडते तुम्हाला," ती म्हणाली.

आबाजी उठले. त्यांनी एका पायात चप्पल घातली आणि दुसरी शोधू लागले.

कुंताबाई पाय धुवायला पाण्याचा गडवा घेऊन बाहेर आली होती. "काय वो," ती दामिनीला म्हणाली, "डबा नेला, भोंगा नेला, आता यालेही नेते का? काही तरी ठेव माह्या घरी!"

डोमा आबाजींनी चप्पल काढली आणि पाय पुढे केला.