सूत्रसंचालकाची ओळख

सदानंद उबाळे यांनी बावीस वर्षांत किमान तीनशे माणसांची ओळख करून दिली होती. बुद्धवाडीतली चौदा एप्रिलची जयंती असो, शाळेचं स्नेहसंमेलन असो की तलाठ्याचा निरोप समारंभ, माइक त्यांच्याच हातात. त्यांची एक पद्धत होती. नाव आधी सांगायचं नाही. आधी गुण, मग कार्य, मग जरा थांबायचं, उजवा हात खुर्चीकडे वळवायचा आणि मग नाव. त्या नावावर टाळी पडली नाही असं एकदाच झालं, आणि तेव्हा पाहुणे खुर्ची सोडून लघवीला गेले होते.

स्वतः सदानंदरावांचं नाव मंचावरून कधी कुणी घेतलं नाही. सूत्रसंचालकाचं घेत नाहीत.

पोटासाठी ते मुरबाड रस्त्यावरच्या एका पुठ्ठ्याच्या कारखान्यात डिस्पॅच सुपरवायझर होते. २००९च्या जानेवारीत कारखाना बंद झाला आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी ते घरी बसले. तीन महिन्यांनी इंद्रजीतचा फोन आला. हा त्यांच्याच हाताखाली तयार झालेला, आता भिवंडीकडच्या एका मोठ्या गोदामात होता.

"दादा, आमच्या साहेबांना सुपरवायझर पायजे. तुमचं नाव टाकलंय मी. पण ते आधी नेटवर प्रोफाइल बघतात."

"बायोडाटा घेऊन येतो ना मी."

"कागद नाय बघत ते. नोकरीवाल्यांची साइट हाय, तिच्यावर खातं उघडा. स्वतःबद्दल चार ओळी लिवा. त्या वाचूनच माणूस बोलावतात. शुक्रवारपर्यंत टाका, नायतर दुसरा कोण बसेल."

शहापूरला एसटी स्टँडसमोर मुकेशचं सायबर कॅफे होतं. मुकेशने खातं उघडलं, नाव घातलं. फोटोला सदानंदरावांनी नकार दिला. नोकरी पाहिजे, सोयरीक नाही. मग फोटोच्या जागी एक करडं डोकं आलं, आणि खाली एक रिकामा चौकोन.

"इथं तुमचं लिवायचं, काका. नायतर माझ्याकडं तयार मॅटर हाय. डायनॅमिक, रिझल्ट ओरिएंटेड. अकरा जणांना टाकून दिलंय. कोंबडीवाल्या महिपतला पण."

"डायनॅमिक म्हंजे काय रे?"

"मला नाय माहीत. पण सगळ्यांना लागतं."

सदानंदराव कागद घेऊन बाकावर बसले. 'मी' लिहिलं आणि थांबले. मी प्रामाणिक आहे, हे तर चोरही सांगतो. मी मेहनती आहे, असं लिहावं, तर मग कारखाना का बंद पडला? तीनशे माणसांचे गुण ज्याला तोंडपाठ, त्याला स्वतःचा एक सापडेना. घरी येऊन त्यांनी बायकोला विचारलं, "वंदना, मी कसा हाय गो?"

वंदनाबाई तांदूळ निवडत होत्या. "भाजीला पाठवलं का पिशवी इसरता," त्या म्हणाल्या.

शुक्रवारी दुपारी ते पुन्हा कॅफेत गेले. समोरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर कुणी नव्हतं. त्यांनी तिथे एक पाहुणा बसलाय असं धरलं, आणि पेन धावायला लागलं. 'बावीस वर्षांत ज्यांनी एकही गाडी चुकीच्या पत्त्यावर जाऊ दिली नाही, काळू नदीला पूर आला असता ज्यांनी सात गाड्या सुखरूप बाहेर काढल्या, ज्यांच्या एका हाकेला हमाल उठतात पण घाबरत नाहीत...' दीड पान झालं. शेवटी नावाची जागा आली. उजवा हात आपोआप उचलला गेला, पण तो वळवायचा कुठे ते कळेना. थोडा वेळ हात तसाच धरून त्यांनी लिहिलं, 'असं हे व्यक्तिमत्त्व आता आपल्यासमोर येत आहे.' नाव राहिलं ते राहिलंच. मुकेशने त्याचं जमेल तसं इंग्रजी केलं आणि चौकोनात भरलं.

शनिवारी साहेबांचाच फोन.

"उबाळे, तुमचं वाचलं. स्वतःच्या प्रोफाइलवर दुसऱ्याचं इतकं कौतुक करणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. हे गृहस्थ मोकळे आहेत का?"

"आहेत. जानेवारीपासून."

"सोमवारी पाठवा त्यांना. तुमचं नंतर बघू."

प्रमुख पाहुणे बोलत असताना सूत्रसंचालकाने मध्ये बोलायचं नसतं. सदानंदराव 'बरं' म्हणाले.

"लागली काय नोकरी?" वंदनाबाईंनी विचारलं.

"लागल्यासारखी वाटते. पण मला नाय."

"मग कुणाला?"

"ज्याचं मी लिवलं त्याला."

"तो कोण?"

"मीच."

"मग सोमवारी जा की. शर्ट धुवून ठेवते."

सोमवारी गोदामात सदानंदरावांनी आपलं आडनाव सांगताच साहेबांनी त्यांच्या खांद्यावरून दाराकडे पाहिलं. "उबाळे, तुम्ही? ते कुठायत?"

'मीच तो' एवढे दोन शब्द म्हणायचे होते. घरून घोकून आणले होते. तोंड उघडलं आणि भलतेच बाहेर पडले, "तेच आलेत, साहेब."

साहेबांनी पुन्हा दाराकडे पाहिलं. "गाडी लावत असतील. तोवर सांगा, पुरात त्यांनी सात गाड्या काढल्या कशा?"

हा प्रश्न सोपा होता. सदानंदराव उभे राहिले. त्यांनी माल कसा उतरवला, वजनदार गाडी पुढे का घातली, ड्रायव्हरांची कशी समजूत काढली, सगळं त्यांनी सांगितलं, अगदी जवळून पाहिल्यासारखं. साहेबांचा चहा निवला.

"मला हाच माणूस पाहिजे," साहेब म्हणाले. "पण अजून आले नाहीत. ते येईपर्यंत त्यांचं काम तुम्ही बघाल का? टेंपररी."

"बघतो, साहेब."

याला आता दीड वर्ष झालं. गाड्या वेळेवर सुटतात. इंद्रजीतने एकदा साहेबांना नीट समजावून सांगितलं की ते गृहस्थ म्हणजेच उबाळे. साहेब हसले. "उबाळे चांगलेच आहेत रे. पण ते वेगळे."

पगार टेंपररीचाच येतो. परवा वंदनाबाईंनी शेवटी विचारलंच, "कायम कधी करनार तुमाला?"

"जागा त्यांच्यासाठी ठेवलीय," सदानंदराव म्हणाले. "ते नाय म्हनाले, तरच माझा नंबर."

"मग सांगा ना त्यांना, नाय म्हना म्हणून."

सदानंदरावांनी भाजीची पिशवी उचलली. "विचारून बघतो," ते म्हणाले.