रिकामा स्टँड

भामाबाईने नातवाच्या पलंगामागचा सलाईनचा स्टँड हाताने हलवून पाहिला. त्याला काहीच टांगलेलं नव्हतं.

"पोरी, बाटली लावल्याबिगर हितं ठिवू नगं त्याला," ती सुनेला म्हणाली. "न्हाईतर मागनं म्हणतील, केलं काय तुमचं?"

मोनिकाला हसू आलं. सासू उभा जन्म मेंढरांमागे हिंडलेली. सुई टोचली नाही की डॉक्टरने फसवलं, एवढंच तिला कळायचं. मोनिका बी.एस्सी. झालेली.

"आत्या, डोक्याला लागलंय त्याच्या. नुसतं लक्ष ठेवायचंय. तोच उपचार."

"मेंढरापाशी मीबी बसायची की रातभर. त्याला राखण म्हंत्यात. दवाखाना न्हाई."

तीन वर्षांचा रुद्र मोटारसायकलच्या टाकीवरून सिमेंटच्या रस्त्यावर आपटला होता. एकदा ओकला आणि मग गुंगल्यासारखा पडून राहिला. सिस्टर तासातासाला यायची, डोळ्यांत बॅटरी मारायची, त्याला नाव विचारायची. दुसऱ्या दिवशी तो बिस्किटासाठी भोकाड पसरून रडला, तेव्हा डॉक्टर पहिल्यांदा हसले. "न्या आता वाघाला घरी."

नवऱ्याच्या, संपतच्या, कारखान्यातून अख्ख्या घराचा विमा होता, त्याच्या आईसकट. त्यामुळे विम्याच्या ऑफिसातून फोन आला तेव्हा मोनिका निर्धास्तपणे भाकरी थापत होती.

"मॅडम, बाळाला ट्रीटमेंट काय दिली?" पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती.

"त्याच्यावर लक्ष ठेवलं. दर तासाला."

"ते ऑब्झर्व्हेशन झालं. औषध, इंजेक्शन, सलाईन?"

"गरज पडली नाही. आता बरा आहे तो."

"छान, मॅडम. म्हणजे अॅडमिट करायची गरज नव्हती. नुसत्या देखरेखीसाठी क्लेम बसत नाही."

तव्यावरची भाकरी करपली.

न्हावऱ्याला, गावाकडे, भामाबाईच्या उरलेल्या चार मेंढ्या होत्या, त्या विकून दवाखाना भागवला. दावणीला काही उरलं नाही, म्हणून ती शिक्रापूरला लेकाच्या भाड्याच्या खोलीत राहायला आली. टोमणा तिने एकदाच मारला. "तुझ्या इम्याच्या कंपनीला आन् मला सारकंच कळतंय म्हणायचं."

रुद्रच्या डोक्यावरचं टेंगूळ तोवर जिरलं होतं, तरी मोनिकाचा हात अजून तिथेच जायचा.

पाडव्यानंतर भामाबाई मोरीत घसरली. कानामागे लागलं. दवाखाना तोच, डॉक्टरही तेच.

"स्कॅनच्या फोटोत काही दिसत नाही," ते म्हणाले, "पण रक्त पातळ करायची गोळी चालू आहे यांना. आत उशिरानेही रक्त साकळू शकतं. आजचा दिवस ठेवा इथं."

मोनिकाने पलंगामागे पाहिलं. स्टँड रिकामाच होता.

"सलाईन लावाल ना?"

"कशाला?"

"लिहायला." तिने आवाज खाली आणला. "नाहीतर ते उपचार धरत नाहीत, सर."

"गरज नसताना नाही लावणार मी. आणि खोटं लिहिणार नाही."

भामाबाईने तोवर चपला पायात सरकवल्या होत्या. "बाटली न्हाई ना? मंग घरीच पडते की. हितल्या गादीला ढेकणं हायती."

संपत शिफ्टवर होता. फोनवर म्हणाला, "तूच ठेव लक्ष. रुद्राच्या येळंला सगळं बघितलंयस की तू."

निघताना डॉक्टरांनी मोनिकाला पुन्हा थांबवलं. "तासातासाला उठवा. बोलल्या पाहिजेत. आणि उठल्या नाहीत तर एक मिनिट घालवू नका."

घरी आल्यावर पहिल्या तासाला तिने विचारलं, "आत्या, मी कोण?"

"माज्या मेंढ्या इकणारी."

दोघीही हसल्या. दुसऱ्या तासाला भामाबाई कुरकुरली, "झोपू तरी दे गं. रुद्र्याला निदान बिस्कूट मिळालं व्हतं."

मग खाली पाणी आलं. नळ सगळ्या चाळीत एकच, आणि तो थोडाच वेळ चालायचा. रुद्रला काखोटीला मारून मोनिका हंडे घेऊन उतरली. रांगेत कुणीतरी मध्ये घुसलं, भांडण झालं, हायवेवर ट्रक तुंबून हॉर्न वाजवत राहिले. हंडा भरून वाहू लागला, तेव्हा तिला वेळेचं भान आलं; तिसरा तास उलटून गेला होता.

"आत्या!" तिने खालूनच हाक मारली.

ट्रकच्या आवाजात ऐकू गेलं नसेल. तिने पुन्हा हाक मारली. हॉर्न थांबल्यावर आणखी एकदा. वरून ओ आली नाही.

मोनिकाने पायरीवर पाय ठेवला. मग मागे घेतला. उघड्या नळाचं पाणी चपलांखालून वाहत होतं. रुद्रने तिची ओढणी ओढली. ती वर दाराकडे बघत तशीच उभी राहिली, आणि जिन्यासमोरून जो जाईल त्याला थांबवू लागली. तुम्ही त्या गल्लीतून जात असाल, तर तुम्हालाही ती थांबवेल.

"ऐका ना. वर आमच्या आत्या झोपल्यात. जरा हाक मारून बघता का?"