भाताचा मिस्ड कॉल

कन्नड मुलखातल्या शिवरामपेठेत राहणाऱ्या नरहरीअप्पा शिंप्यांना गार भात चालत नसे. सारात मीठ कमी पडलं तरी चालेल, पापड करपला तरी चालेल, पण भात पानात वाफाळतच पडला पाहिजे. सुमित्राबाईंनी लग्न झाल्यापासून हा हट्ट सांभाळला होता. पूर्वी त्या अंदाजानं भात लावायच्या आणि नेमकं त्याच दिवशी दुकानात कुणीतरी ब्लाउजचं माप द्यायला उगवायचं. पुढं मोबाइल आले आणि नवराबायकोनं आपसांत एक सोय करून घेतली. दुपारी एकला शटर अर्धं ओढलं की अप्पांनी मिस्ड कॉल द्यायचा, बाईंनी तो कट करायचा. कट झाला म्हणजे भात लावला. अप्पा सायकलवरून घरी पोचून हातपाय धुईपर्यंत भात वाफेला आलेला असे. इतक्या वर्षांत या फोनवर दोघं एक शब्द बोलले नव्हते. भात लावायला बोलावं कशाला लागतं?

मग धाकट्या भाग्याचं बाळंतपण आलं. जावई अर्जुन पवनचक्क्यांवरचा इंजिनिअर, त्यामुळं ती दोघं स्कॉटलंडमध्ये समुद्रकाठच्या एका खेड्यात राहत होती. जिथं वारा जास्त तिथं पवनचक्क्या, आणि जिथं पवनचक्क्या तिथं जावई. सुमित्राबाई कधी जवळच्या नंजनगूडच्या पलीकडं एकट्या गेल्या नव्हत्या, त्या थेट सातासमुद्रापार निघाल्या. थोरल्या हर्षनं आईच्या मोबाइलवर रोमिंगचा पॅक भरला आणि विमानतळापर्यंत एकच पाठ घोकून घेतला.

"अम्मा, यावर फोन आला तर उचलायचा नाही हां. उचललास की पैसे कापतात. भाग्याच्या घरी वायफाय आहे, तिथून व्हिडिओवर बोलू."

"सरी रे, सरी. मी कशाला उचलू?" बाई म्हणाल्या.

त्या तिकडं उतरल्या त्याच दिवशी दुपारी घोटाळा झाला. अप्पांनी शटर ओढलं आणि अंगठ्यानं आपलं काम केलं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ती अंगठ्यातच असावी. पलीकडं रिंग वाजायला लागली तेव्हा अप्पांच्या लक्षात आलं की ही रिंग आता परमुलखात वाजते आहे. ते घाबरून लाल बटण शोधू लागले. त्यांचा फोन जुना, बटणांचा, त्यावरचे रंगही पुसून गेलेले. बटण सापडायच्या आतच पलीकडून फोन कट झाला.

अप्पा फोनकडं बघत उभे राहिले. दुकानात कुणी नव्हतं म्हणून बरं, नाहीतर साठी ओलांडलेला माणूस भिंतीवरच्या विठोबासमोर लाजताना लोकांनी पाहिला असता.

त्या दुपारी लावण्यानं, म्हणजे सुनेनं, कुकरमधला केव्हाचा कोमट झालेला भात भीतभीतच वाढला. अप्पांनी तोच भात आणखी मागून घेतला. ती नवऱ्याला म्हणाली, "अय्यो, अप्पांची तब्येत बरी आहे ना?"

दुसऱ्या दिवशी अप्पांनी मुद्दाम मिस्ड कॉल दिला. तोही कट झाला. मग ते रोजचंच झालं, आणि याची वाच्यता अप्पांनी कुठं केली नाही.

रविवारी हर्षच्या फोनवर सगळं घर दाटीवाटीनं स्कॉटलंड बघायचं. बाळाचा पाय दिसायचा, छत दिसायचं, मध्येच सुमित्राबाईंचा अर्धा चेहरा दिसायचा. "ऊटा आयता?" असं जेवणाचं विचारून होईतो फोन दुसऱ्याच्या हातात जायचा. अशाच एका रविवारी भाग्या तक्रार करत होती.

"अप्पा, तुम्हीच सांगा अम्माला. सकाळी साडेआठला वरच्या चर्चपाशी पोचलेली असते, फिरायला म्हणून. पाऊस असो, वारा असो, मोबाइल घेऊन जाणारच. आणि परत आली की लगेच भात लावते! इथं लोक त्या वेळी पाव खातात. अर्जुन बिचारा डब्यात सार-भात घेऊन पवनचक्कीवर चढतो."

"मोबाइल कशाला न्यायचा फिरायला?" हर्षनं विचारलं.

"तेच की. घरात तर रेंज येतच नाही. डोंगर आड येतो ना. वर चर्चजवळ तेवढी मिळते."

"सुम्ने, उगाच आपली सवय असते बाई," पडद्याच्या कोपऱ्यातून सुमित्राबाई पुटपुटल्या आणि बाळाचं दुपटं नीट करू लागल्या.

अप्पांनी मनात हिशेब मांडला. इकडं दुपारचा एक, तिकडं सकाळचे साडेआठ. घरात रेंज नाही. म्हणजे रोज आपला फोन कट करायला ही बाई डोंगर चढते, आणि खाली येऊन भात लावते. अप्पांना इतका आनंद झाला की तो कुठं ठेवावा ते कळेना. आनंदामागोमाग काळजीही आली, कारण सुमित्राबाईंना चामुंडीच्या टेकडीच्या पायऱ्यासुद्धा सोसत नव्हत्या. पण म्हणायचं कुणाला? हर्षला सगळे कॉम्प्युटर कळायचे, एवढं मात्र कळलं नाही.

दसरा जवळ आला. बन्नीमंटपाच्या मैदानावरच्या मशालींच्या कवायतीसाठी एका शाळेच्या बँडचे कोट अप्पांकडं शिवायला होते. लाल कापड, सोनेरी पट्टी, आणि एकाही पोराचं माप दुसऱ्याला चालेल असं नव्हतं. एका संध्याकाळी ते काजं करत बसले असताना हर्ष सहज म्हणाला, "अप्पा, अम्माचा पॅक उद्या सकाळी संपतो. पुन्हा भरत नाही मी. एकही कॉल उचललेला नाही तिनं. सुम्ने कशाला?"

अप्पांच्या बोटाला सुई टोचली.

"असू दे की रे. परक्या देशात आहे. अडीअडचण येते."

"अडचणीला भाग्याचा फोन आहे की."

"तिच्या भजनाच्या बायका फोन करत असतील."

"त्या व्हॉट्सॲपवर करतात. रोज विठ्ठलाचे फोटो पाठवतात."

"बँकेचे मेसेज?"

"तुमच्या नंबरवर येतात, अप्पा."

ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्याचं जे होतं तेच झालं. बायकोचा मिस्ड कॉल हवा, असं पोटच्या पोराला कसं सांगायचं? अप्पांनी पुढचं काज करायला घेतलं. रात्री अंथरुणावर त्यांनी स्वतःची समजूत घातली की एका फोनानं काय होतंय, उद्या परवा तिची ती समजेल.

दुसऱ्या दिवशी एक वाजता त्यांनी शटर अर्धं ओढून नंबर लावला. रिंग वाजलीच नाही. एक बाई थंड आवाजात कन्नडमध्ये म्हणाली, "व्याप्ती प्रदेशद होरगिद्दारे." क्षेत्राबाहेर आहेत. अप्पांनी पुन्हा लावला. बाईनं तेच सांगितलं, आणि वर इंग्रजीतही सांगितलं.

अप्पांच्या डोळ्यांपुढं ते न पाहिलेलं चर्च उभं राहिलं. वारा सुटलाय, आणि सुमित्राबाई नऊवारीवर जावयाचं जाकीट चढवून, हातात मुका मोबाइल धरून उभ्या आहेत. ती समजेल म्हणे! ती काय समजेल ते अप्पांना चांगलं ठाऊक होतं. आज दुकान बंद झालं नाही, म्हणजे ह्यांना काहीतरी झालं, एवढंच ती समजणार आणि तिथून हलणार नाही.

लाल कोट तसेच टाकून अप्पा घरी निघाले. हर्ष त्या दिवशी घरूनच काम करत होता. कानाला यंत्र लावून तो कुणाशी तरी इंग्रजीत बोलत होता. अप्पांनी ते यंत्र सरळ त्याच्या कानावरून काढलं.

"आधी तो पॅक भर."

"काय झालं अप्पा? कशाला पण?"

"तुझी अम्मा डोंगरावर उभी आहे!"

आणि मग सगळं बाहेर आलं. शटर, रिंग, भात, चर्च. सांगताना अप्पांची नजर जमिनीवर होती आणि कान लाल झाले होते. लावण्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. हर्षनं लगेच भाग्याला व्हिडिओ लावला.

"अम्मा घरात नाही," भाग्या घाबरीघुबरी म्हणाली. "एव्हाना येते रे रोज. आज भात लावला नाही, अर्जुन डब्यासाठी थांबलाय."

"त्याला गाडी घेऊन चर्चजवळ पाठव. अप्पा बरे आहेत असं तिला सांगू दे आधी. ते आधी," हर्ष म्हणाला.

अर्जुन सासूला घेऊन येईपर्यंत दोन्हीकडं कुणी फोन ठेवला नाही. मग पडद्यावर सुमित्राबाई आल्या. नाक लाल, डोळे त्याहून लाल, डोक्याला भाग्याचा मफलर.

"अहो, दुकान बंद नाही केलंत होय आज?"

"केलं गं. फोन लागला नाही. पॅक संपलाय."

"मला वाटलं..." त्यांनी मफलरनं डोळे पुसले. "शर्ट उलटा घातलाय तुम्ही."

अप्पांनी खाली बघितलं. खरंच उलटा होता. शिंप्याच्या अंगात, सकाळपासून. सगळ्यांत आधी लावण्या हसली, मग भाग्या, आणि मग पडदाभर हसू झालं. अप्पांचा जीव भांड्यात पडला.

हर्षनं तिथल्या तिथं पॅक भरला आणि आईला पुन्हा बजावलं, "पण उचलायचा नाही हां, अम्मा."

"मी कशाला उचलू?" बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी एक वाजता अप्पांनी शटर अर्धं ओढलं आणि नंबर लावला. रिंग वाजली. दोनदा वाजली, तीनदा वाजली, तरी कट होईना. अप्पा गोंधळले. आता काय झालं या बाईला? एवढ्यात पलीकडून वाऱ्याचा मोठा आवाज आला, आणि त्या वाऱ्यातून सुमित्राबाईंचा.

"भात लावते हो. या."

आणि फोन कट झाला.

अप्पा फोन कानाला धरून तसेच उभे राहिले. ऐकायला आता पलीकडं कुणी नव्हतं. तरी ते म्हणाले, "आलो," आणि शटर पूर्ण ओढून सायकलवर बसले.