ठोकळ्यावरची उंची

"उतरला! अंक उतरला!" असा पुकारा झाला की सभागृहात टाळ्यांचा नुसता कडकडाट. व्यासपीठावर अंकबाबा डोळे मिटून उभे. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की येतो तो बीएमआय. तो म्हणे बाबांच्या एका फुंकरीने आठवड्यात खाली येतो!

शिलाईचं दुकान चालवणाऱ्या ताईचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. शेजारी बसलेल्या धाकट्या बहिणीने पाण्याची तिसरी बाटली संपवली होती. डॉक्टर तिला म्हणाले होते, "आकडा पंचवीसच्या खाली आणा, मग मधुमेहाच्या गोळ्यांचं बघू." गेल्या आठवड्यात बाबांनी आकडा काढला सत्तावीस पॉइंट दोन, वर फुंकर मारली, आणि बाईसाहेबांनी चार दिवसांपूर्वी गोळ्याच सोडल्या. ताईने समजावलं, रागावली, रडलीसुद्धा. काही उपयोग झाला नाही.

धाकटीची पाळी आली. काट्यावर अडुसष्ट किलो, गेल्या वेळेइतकेच. मग तिला 'सिद्ध' ठोकळ्यावर उभं करून भिंतीवरच्या पट्टीवर उंची पाहिली. शिष्याने कॅल्क्युलेटर बडवला. "चोवीस पॉइंट सात!"

"अहो, वजन तर तेवढंच आहे!" ताई खालून ओरडली.

"वजन देहाचं, माई," बाबा मधाळ हसले. "अंक आत्म्याचा. आत्मा हलका झाला."

धाकटी कार्ड नाचवत खाली आली. ताईने ते हिसकावलंच. मागच्या वेळी उंची १५८, आज १६६.

"बेचाळिसाव्या वर्षी आठ सेंटिमीटर वाढलीस?"

"बाबांची कृपा, ताई!"

"मग हा गाऊन वर का नाही गेला? मी शिवला तेव्हा घोट्यापर्यंत होता, आजही घोट्यापर्यंतच आहे."

धाकटीने खाली पाहिलं. तोवर ताई पर्समधला टेप काढून व्यासपीठावर चढलीसुद्धा.

"ठोकळ्याला हात लावू नका, शक्ती तुटेल!" शिष्य धावला.

"शक्तीची जाडी आठ सेंटिमीटर," ताईने मोजून सांगितलं. "पट्टी जमिनीपासून सुरू होते आणि माणूस उभा ठोकळ्यावर! पहिल्या वेळी ठोकळा नव्हता. उंची वाढली की भाजक वाढतो आणि आकडा घसरतो. हा सगळा चमत्कार लाकडाचा आहे!"

"आम्हालाही जमिनीवर उभं करून मोजा!" मागून कुणी ओरडलं, आणि टाळ्या पिटणारे हात आपापली कार्डं उघडू लागले. बाबांना अचानक ध्यानाची वेळ आठवली.

ताई लोकांकडे वळली. "गुणाकार आपल्यालाही येतो ना?" ती म्हणाली. "मग जिवाचा हिशेब दुसऱ्यावर का सोडता? स्वतः मोजा, पडताळा आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध सोडू नका."

धाकटी खुर्चीत मटकन बसली. "ताई, गरगरतंय गं. मी गोळ्या फेकून दिल्या."

"कचऱ्यातून त्याच दिवशी उचलल्या मी," ताईने पर्समधली पाकिटं दाखवली. "चल, आधी दवाखान्यात."

या वेळी धाकटी मुकाट्याने उठली.