पाटीचं नाव पुढे करू नका

मित्रांनो, पाण्याच्या हौदावर झाकण म्हणून जो गंजका पत्रा पडला आहे ना, तो मीच. एके काळी मी पाटी होते. लातुरातल्या शिकवणी वर्गांच्या गल्लीत रविकांतकाकांच्या फाटकावर दिमाखात लटकत होते.

पेंटरने माझ्यावर ठसठशीत अक्षरांत 'खोली भाड्याने देणे आहे' असं लिहिलं होतं. जून उजाडला की माझी चलती असायची. गावोगावची मुलं आईवडिलांसोबत येत, मला वाचत आणि फाटकाची कडी वाजवत. "पाटी बघून आलो," असं कोणी म्हणालं की मी अगदी फुशारून जायची.

माझ्या काळात सगळं चांगलंच होतं, असं मुळीच नाही. काका आधी आडनाव विचारायचे. एखादं आडनाव ऐकलं की म्हणायचे, "खोली कालच गेली की हो." मी मात्र फाटकावर तशीच! समोरचा माणूस माझ्याकडे बघायचा, मग काकांकडे. काकांची नजर खाली जायची. मला तोंड असतं तर मीही ते लपवलं असतं.

पुढे मोबाइलवर खोल्या दाखवणारं ॲप आलं. काकांनी त्यातल्या 'फक्त आपल्या समाजासाठी' या चौकोनावर टिचकी मारली आणि मला उतरवून हौदावर टाकलं. आता कोणाच्या तोंडावर काही सांगायची वेळच येत नव्हती.

यंदा अहमदपूरकडच्या दोन मैत्रिणी आल्या, महामाया आणि पुनम. सोबत महामायाचे वडील आनंदराज होते, एसटीत कंडक्टर. दोघींना डॉक्टर व्हायचं होतं, आणि वर्ग सोमवारीच सुरू होणार होते.

"काका, माझ्या मोबाइलवर तुमची खोली दिसायली, हिच्या मोबाइलवर न्हाई," पुनम म्हणाली. "आडनाव तेवढं वेगळं हाय, बाकी समदं सारखंच भरलंय."

"मी कुठं न्हाई म्हणलो? ते ॲपच तसं हाय," काका पुटपुटले.

आनंदराजांनी तिथूनच कंपनीला फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा. पलीकडून गोड आवाज आला, "सर, आम्ही फक्त पाटी आहोत. पाटीवर काय असावं ते घरमालक ठरवतात. कायद्याने आमच्यावर जबाबदारी येत नाही."

मित्रांनो, मी पडल्या जागी शरमेने अर्धी झाले. म्हणे पाटी! माणूस बघून मी माझं एक अक्षर तरी कधी झाकलं होतं का? चौकोन यांनी आखला, आडनाव यांनी विचारलं, खोली यांनी लपवली आणि अंग काढून घ्यायला नाव मात्र माझं.

मग महामाया पुढे आली. ती म्हणाली, "काका, तुम्ही न्हाई म्हणला न्हाईत, कंपनी बी म्हणली न्हाई. मग मला न्हाई कोण म्हणलं?"

काका हौदाकडे बघत राहिले. पुनमने एकटीने खोली घ्यायला साफ नकार दिला. आनंदराज एवढंच म्हणाले, "चल बाई, गाडी हाय."

दुसरी खोली मिळेना, म्हणून आता दोघी रोज एसटीने येऊन-जाऊन शिकतात. महामाया बसमध्ये पुस्तक उघडते आणि तिला झोप लागते, असं पुनम गल्लीतल्या मुलींना सांगत होती. ते ऐकून मला फार वाईट वाटलं.

मित्रांनो, मला पुन्हा रंग देऊ नका, फाटकावरही लावू नका. पण उद्या तुमचं घर होईल, तुमच्यापैकी कोणी असं ॲपही काढेल. तेव्हा एखाद्या पोरीने येऊन विचारलं, की मला नाही कोण म्हणालं, तर निदान 'मी' म्हणण्याइतकी लाज शिल्लक ठेवा.