कड्यावरची म्हैस आणि माझा सैल चाप

मित्रांनो, मी परीक्षेचा एक जुना पॅड आहे. माझे कोपरे फुगलेत, चापाला गंज चढलाय. लोणावळ्याच्या बाजारातून माधवीच्या वडिलांनी मला तिच्या दहावीसाठी आणलं. पुढे लग्न झालं, आणि तिच्या साड्यांच्या तळाशी बसून मीही आंदर मावळात आलो.

इथे माझं खरं काम सुरू झालं. दुपारी बाळ पाळण्यात झोपलं, की माधवी दोरी पायाच्या अंगठ्याला बांधायची आणि मला मांडीवर घ्यायची. एका म्हशीची गोष्ट ती लिहीत होती. नवरा कंपनीतून पाठकोरे कागद आणायचा, त्यांच्या कोऱ्या बाजूवर. लिहिलेलं ती मोठ्या लेकीला, अमृताला, वाचून दाखवायची. शाई पुसली जाऊ नये म्हणून पानं पालथी घालून माझ्या चापात लावायची. एकोणचाळीस पानं झाली होती.

उन्हाळ्यात राब भाजायचा दिवस आला. भाताची रोपं जिथे करायची, तिथे शेण आणि पाला पसरून पेटवतात, तो राब. सासूबाई, म्हणजे बयाबाई, शेतावरून आल्या आणि मला रिकामं खुंटीला अडकवलं.

"पाला दमट व्हता. तुज्या रद्दीनं झाक पेट घेतला."

"आत्या, ती गोष्ट होती माझी."

"छापील कागूद व्हता की गं."

"मागच्या बाजूला लिहिलं होतं."

बयाबाईंना वाचता येत नव्हतं. त्या दारातच खाली बसल्या. माधवी रागावली नाही. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर तिने पेन धरलं नाही. बाळ झोपलं की तीही भिंतीकडे तोंड करून पडायची. मी तांदळाच्या पिंपावर झाकण झालो, चुलीला वारा घालू लागलो. अमृताने गोष्ट मागितली, की ती म्हणायची, "संपली ती."

त्याच राबातली रोपं लावून झाली. एका दुपारी बयाबाईंनी मला पिंपावरून उचललं, पदराने पुसलं.

"माधवी, ती म्हस कड्यावर चढून बसली व्हती. उतरली का न्हाई?"

माधवीने वळून पाहिलं. "तुम्ही ऐकत होतात?"

"भाकरी थापताना कान काय झाकून ठिवू?"

"आता तसं नाही जमायचं, आत्या. सगळं गेलं."

"तसं कशाला? कड्यापासनं म्होरं लिव्ह. मागलं मला समदं ठावं हाय." त्यांनी हात पुढे केला. "पाळण्याची दोरी हिकडं दे."

मित्रांनो, माझा चाप आता सैल झालाय, एका वेळी एकच कागद धरवतो. त्या दुपारी त्यावर दोन ओळी उमटल्या, त्यातली एक खोडलेली. उद्या ती लिहील की नाही, मला सांगता येत नाही. पण तुमच्या घरात कुणी लिहीत असेल, तर कागद टाकण्याआधी उलटून पाहा. आणि अधूनमधून विचारा, पुढे काय झालं.

म्हैस अजून कड्यावरच आहे.